मनाईचा हुकूम आणि सोन्याची वेदी

1567 साली गोव्यात चर्चची पहिली प्रांतिक परिषद भरली. बिशप, मठांचे प्रमुख आणि धर्मपंडित एकत्र आले आणि नव्या ख्रिस्ती समाजाने कसं वागावं याचे ठरावावर ठराव झाले. त्यांतला एक ठराव कारागिरांबद्दल होता. ख्रिस्ती माणसाने येशूची, मरियेची किंवा संतांची चित्रं आणि मूर्ती हिंदू कलावंताकडून करून घेऊ नयेत. क्रूस, मेणबत्त्यांचे खांब आणि पूजेची भांडीही हिंदू सोनाराकडून किंवा ओतकाम करणाऱ्याकडून घडवून घेऊ नयेत. मूर्तिपूजकाच्या हाताचा स्पर्श वेदीवरच्या वस्तूला होऊ नये, हा त्यामागचा विचार.

जे घडतच नाही त्यावर बंदी घालायला कुणी परिषद भरवत नाही. 1567 पर्यंत गोव्यातल्या चर्चमध्ये हिंदू चितारी, सुतार आणि सोनार काम करत होते, याचा यापेक्षा थेट पुरावा शोधूनही सापडणार नाही. पुढच्या काळात अशाच आशयाच्या ताकिदी पुन्हा निघाल्या, म्हणजे पहिली ताकीद पाळली गेली नव्हती. गोव्याच्या चर्चच्या अंतर्भागाचा इतिहास या न पाळलेल्या हुकुमापासूनच सांगायला हवा.

पोर्तुगिजांनी गोवा अखेरचं जिंकलं ते 25 नोव्हेंबर 1510 रोजी. तो संत कॅथरिनचा दिवस, म्हणून गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकर्कने जिंकलेल्या शहरात तिच्या नावाने प्रार्थनामंदिर उभारलं. सुरुवातीची प्रार्थनास्थळं साधीच होती. आत काय मांडायचं हा प्रश्न जहाजं सोडवत. लिस्बनहून निघालेल्या गलबतांतून तोफा आणि दारूबरोबर लाकडी मूर्ती, रंगवलेले फलक आणि पूजेची वस्त्रं येत. पण तो प्रवास सहा-सहा महिन्यांचा, वाटेत जहाजं फुटत, आणि गोव्यात चर्चची संख्या भराभर वाढत होती. लिस्बनवर विसंबून भागणार नव्हतं.

इथल्या हातांची ओळख पोर्तुगिजांना लवकरच पटली होती. राऊळू शेट नावाचा गोव्याचा सोनार 1520 च्या सुमारास थेट राजा मानुएलच्या दरबारी लिस्बनला काम करत होता. 1547 मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने आपल्या आधीच्या सर्व गव्हर्नरांची चित्रं काढून घ्यायचं ठरवलं. देखरेख बखरकार गास्पर कोर्रेयाची होती, कुंचला मात्र एका स्थानिक चिताऱ्याचा होता. ज्याने सत्ताधीशांचे चेहरे रंगवले त्याचं नाव कोर्रेयाने नोंदलेलं नाही. ही तऱ्हा पुढे दोनशे वर्षं चालू राहिली.

हे हात रिकामे का होते, याचं उत्तर कडू आहे. 1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं गेलं. 1560 च्या दशकात साष्टीतल्या देवळांवरही तीच पाळी आली. कुठ्ठाळीच्या मंगेशाला भक्तांनी रातोरात खाडीपलीकडे आदिलशाही मुलखात, फोंड्यातल्या प्रियोळला नेलं. देव गेला तसा देवाचा आश्रयही गेला. खांब कोरणारे, रथ घडवणारे, मूर्ती ओतणारे आणि भिंती रंगवणारे पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या कामावर जगत आले होते. काही जण देवामागून फोंड्याकडे गेले, काहींनी धर्म बदलला. काही मात्र धर्म न बदलता तिथेच राहिले. त्यांना काम देऊ शकणारं एकच मोठं गिऱ्हाईक आता शहरात उरलं होतं, आणि ते चर्च होतं.

त्या गिऱ्हाइकाची भूकही याच सुमारास वाढली. युरोपात ट्रेंट इथली धर्मसभा 1563 मध्ये संपली. प्रोटेस्टंट सुधारकांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रांवर घाव घातले होते. ट्रेंटने त्याला ठाम उत्तर दिलं की प्रतिमा राहतील, कारण निरक्षर माणूस त्यांच्यावाटे धर्म शिकतो. म्हणजे चर्चच्या आतली सजावट हा धर्मशिक्षणाचाच भाग झाला. गोव्यात या विचाराला वेगळी धार आली. समोर बसणारा समाज नवखा होता, त्याला लॅटिन कळत नव्हतं, आणि झगमगत्या गाभाऱ्याची त्याच्या डोळ्यांना पूर्वीपासूनची सवय होती.

गोव्याची जुनी चर्च बाहेरून संयमित दिसतात. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, त्यावर चुन्याचा गिलावा आणि दर्शनी भागापुरती थोडी नक्षी, एवढंच. जांभ्यावर बारीक कोरीवकाम उमटत नाही. म्हणून जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस चर्चच्या दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून समुद्रमार्गे आणावा लागला. आत शिरल्यावर मात्र सगळा खर्च आणि सगळी कल्पकता एका भिंतीवर एकवटलेली दिसते. मुख्य वेदीच्या मागे जमिनीपासून छतापर्यंत चढत जाणारं कोरीव, सोनेरी लाकडाचं ते अवाढव्य मखर म्हणजे या वास्तूंचा प्राण आहे. पोर्तुगालमध्येही अशी मखरं होत, आणि मूळ आराखडा तिथूनच आला होता. गोव्यात तो सागवानात उतरला आणि उतरताना बदलला.

हे काम टप्प्याटप्प्याने चाले. आधी सुतार चौकट उभी करी. खांब, कमानी, कोनाडे आणि कंगोरे सुटे घडवून मग एकमेकांत बसवले जात. त्यानंतर कोरक्याची छिन्नी चाले आणि द्राक्षवेल, पानं, फुलं, पक्षी, देवदूतांची तोंडं उमटत. कोरलेल्या लाकडावर थेट सोनं चढत नाही. त्यावर आधी सरस आणि पांढरी माती यांचे पातळ थर एकावर एक द्यावे लागतात. प्रत्येक थर वाळला की घासून गुळगुळीत करायचा. त्यावर तांबड्या मातीचा हात द्यायचा, कारण तिच्यामुळे वरच्या सोन्याला ऊब येते. मग ठोकून ठोकून श्वासानेही उडेल इतका पातळ केलेला वर्ख ओलसर पृष्ठभागावर अलगद टेकवायचा आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून त्याला चकाकी आणायची. जिथे वर्ख नाही तिथे लाल, निळा, हिरवा रंग. संतांच्या चेहऱ्यांना आणि हातांना मांसल छटा दिली जाई, त्यांच्या वस्त्रांवर सोन्यात बुट्टे काढले जात. गोव्याच्या दमट पावसाळ्यात हे थर वाळवणं ही एक स्वतंत्र विद्याच असणार.

यांतली बहुतेक कामं गोमंतकीय चितारी आणि सुतार आधीपासून जाणत होते. देवाच्या पालखीला, रथाला आणि मखराला रंग आणि वर्ख चढवणाऱ्याला साधनं नवी नव्हती, विषय तेवढा नवा होता. पाद्री नमुना म्हणून युरोपातून छापून आलेली चित्रं पुढे ठेवत. त्या कागदावर संताची मुद्रा, हातातली वस्तू आणि कपड्याच्या चुण्या दाखवलेल्या असत. कागदावर नसलेलं सारं कारागिराच्या हातात होतं. पानाचा बाक, फुलाच्या पाकळ्या, देवदूताच्या गालांची गोलाई आणि डोळ्यांचा आकार त्याने स्वतःच्या सवयीने भरला.

ती सवय कुठे दिसते? सगळ्यात ठसठशीत दिसते ती प्रवचनाच्या व्यासपीठांवर. भिंतीला टेकवलेलं, वर छत्र असलेलं ते लाकडी व्यासपीठ पाद्र्याचा आवाज लोकांपर्यंत पोचवण्यासाठी असे. बॉम जेझसमधल्या व्यासपीठाच्या तीन बाजूंवर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे चार महापंडित कोरलेले आहेत, आणि तळाशी सात आकृत्या सारा भार पेलताहेत असं दाखवलं आहे. गोव्यातल्या इतर काही व्यासपीठांच्या तळाशी भार पेलणाऱ्या या आकृत्यांचा कमरेखालचा भाग सापासारखा वळत जातो, वर स्त्रीचं धड आणि खाली शेपूट. युरोपीय शिल्पात जलपऱ्या होत्या, हे खरं. पण गोव्याच्या कोरक्याच्या डोळ्यांपुढे देवळाच्या दारावरच्या नागिणी होत्या, आणि छिन्नी त्यांच्याकडेच झुकली. वरून पाद्री एकमेव देवाची वाणी सांगे, आणि ज्या लाकडावर तो उभा असे ते नागकन्यांनी उचलून धरलेलं असे. हे कुणाला खटकलं नसेल असं नाही. पण व्यासपीठं राहिली.

जुन्या गोव्यातल्या तीन वास्तू पाहिल्या की या कलेची झेप लक्षात येते. से कॅथेड्रलचं बांधकाम 1562 मध्ये सुरू झालं, मुख्य इमारत 1619 मध्ये पुरी झाली आणि आतल्या वेदींचं काम 1652 पर्यंत चालू राहिलं. बांधणाऱ्यांकडून सजवणाऱ्यांच्या हाती काम गेल्यानंतरही तीसहून अधिक वर्षं लागली. 76 मीटर लांबीच्या त्या वास्तूत शेवटी नजर जाऊन थांबते ती संत कॅथरिनच्या सोनेरी मखरावर. त्यावरच्या सहा फलकांत तिचं आयुष्य आणि बलिदान सांगितलं आहे. शेजारच्या असिसीच्या संत फ्रान्सिस चर्चचा साज वेगळा आहे. सध्याची वास्तू 1661 ची, पण जुन्या चर्चचं दगडी दार तिने आपल्या अंगात तसंच ठेवून घेतलं. आत भिंतींवर फुलापानांची रंगीत नक्षी, वेदीच्या दोन्ही अंगांना संताच्या आयुष्यावरचे चित्रफलक आणि पायाखाली कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेणाऱ्या संताच्या पायाशी ती तीन व्रतं लिहिली आहेत आणि त्यांच्याभोवती सोन्याची वेल चढली आहे. या विसंगतीवर सुधारकांनी युरोपात आग पाखडली होती. गोव्यात तिने कुणाची झोप उडवली नाही.

तिसरी वास्तू बॉम जेझस. 1594 मध्ये पायाभरणी, 1605 मध्ये अभिषेक. मुख्य मखरात जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला हात पसरून वर पाहतो आहे. त्याच्या पायाशी बाळ येशू आहे, वर सोनेरी किरणांत येशूच्या नावाची अक्षरं आणि त्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं त्रैक्य. ज्याच्या नावाचं हे चर्च तो बाळ येशू लहान, आणि संघाचा संस्थापक मोठा. सजावटीतून सत्तेचा क्रम कसा सांगितला जातो हे इथे उघड दिसतं.

पण या वास्तूत अधिक बोलकी आहे ती संत फ्रान्सिस झेवियरची समाधी. झेवियर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारला, त्याचं शव 1554 मध्ये गोव्यात आलं आणि 1622 मध्ये त्याला संतपद मिळालं. 1636 ते 1637 च्या दरम्यान गोव्याच्या चांदीकामगारांनी त्याच्यासाठी चांदीची पेटी घडवली. कल्पना मार्सेलो मास्त्रिली या इटालियन जेझुइटाची होती. पेटी पुरी झाली त्याच वर्षी तो जपानमध्ये मारला गेला. पेटीच्या अंगावर 32 प्रसंग चांदीत उठवले आहेत. साठ वर्षांनी टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याने या पेटीखाली ठेवायला संगमरवरी चौथरा पाठवला. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनी त्यावर दहा वर्षं खपला, आणि 1698 मध्ये सुटे भाग जहाजाने गोव्यात येऊन जोडले गेले. आज खाली मेदिची घराण्याचा रंगीत संगमरवर आणि ब्राँझचे फलक आहेत, वर गोव्याची चांदी. खालच्या कामाचा शिल्पकार, दाता आणि खर्चाचं कारण सगळं नोंदलेलं आहे. वरच्या कामाला फक्त ‘गोव्याचे कारागीर’ एवढीच ओळख आहे. एकाच स्मारकात इतिहासाची दोन मापं वापरलेली दिसतात.

वेदीवरच्या लहान वस्तूंतही हाच ठसा आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गोव्यात हस्तिदंत येई आणि त्याच्या संतमूर्ती होऊन जगभर जात. त्यांतला एक प्रकार गोव्याच्या कारागिरांनी जवळजवळ आपलाच केला. तो म्हणजे बाळ येशू मेंढपाळ. चढत्या पायऱ्यांच्या डोंगरावर पोर बसलं आहे, खांद्यावर मेंढरू, गाल तळहातावर टेकलेला आणि डोळे मिटलेले. खालच्या टप्प्यांवर झरा, मेंढ्या आणि आडवी पहुडलेली मग्दालेना. ख्रिस्ती परंपरेतला मेंढपाळ सावध असायला हवा. हा मात्र ध्यानात बुडाला आहे, आणि अभ्यासकांना त्यात बुद्धाची आठवण होते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला शहरातून खेड्यांत उतरली. तोवर गोमंतकीय पाद्र्यांची पिढी तयार झाली होती, आणि गावकऱ्या, म्हणजे गावाच्या सामाईक संस्था, आपापल्या गावच्या इगर्जीसाठी, म्हणजे चर्चसाठी, पैसा ओतू लागल्या. शेजारच्या गावापेक्षा आपली वेदी उंच असावी ही ईर्षाही त्यात होतीच. तळावलीचं सांताना चर्च 1695 चं. दिवाडी बेटावरच्या टेकडीवरचं चर्च त्यानंतर काही वर्षांत उभं राहिलं आणि त्याच्या आराखड्याचं श्रेय अंतोनियो जुआंव द फ्रीयश या गोमंतकीय पाद्र्याला दिलं जातं. आता काम देणारा आणि काम करणारा दोघेही याच मातीतले होते. छतावरची नक्षी अधिक दाट झाली, शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा मऊ उजेड सोन्यावर पडू लागला.

कारागिरांची ये-जा एका दिशेने झाली नाही. खाडीपलीकडे फोंड्यात देवळं नव्याने उभी राहत होती. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ 1738 चं, शाहू छत्रपतींच्या काळातलं. तिथला घुमट, कमानीच्या खिडक्या, भिंतीतले अर्धखांब आणि सभामंडपातली झुंबरं पाहिली की चर्चवर राबलेल्या हातांनी आणि डोळ्यांनी काय उचललं ते कळतं. देवळाने चर्चला नागिणी दिल्या, चर्चने देवळाला घुमट दिले, आणि ज्यांच्यावाटे ही देवघेव झाली त्यांना दोन्हीकडे मजुरीच मिळाली.

उत्तरेकडे पोर्तुगिजांच्या वसईतही चर्च आणि मठ दिमाखात उभे होते. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि त्या वैभवाची पांगापांग झाली. लाकूड आणि वर्ख गेले, ओतीव धातू टिकला. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली, वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची आणि भीमाशंकरची, या तिन्ही घंटा त्या मोहिमेची आठवण सांगतात. प्रार्थनेला बोलावणारी वस्तू पुन्हा प्रार्थनेलाच लागली.

गोव्यातला ऱ्हास परक्या तलवारीने झाला नाही. साथींनी जुनं शहर ओस पडत होतं. 1759 मध्ये पोर्तुगालच्या सरकारनेच जेझुइटांना हाकलून त्यांची मालमत्ता जप्त केली, आणि 1835 मध्ये उरलेल्या धर्मसंघांचे मठ बंद झाले. मोकळ्या पडलेल्या मठांतल्या वस्तू कुठे लिलावात, कुठे दुसऱ्या चर्चमध्ये गेल्या. संत ऑगस्टिनच्या प्रचंड चर्चचं छत 1842 मध्ये कोसळलं आणि आज त्याच्या 46 मीटर उंच मनोऱ्याचा अर्धा भागच उभा आहे. त्याची घंटा मात्र 1871 पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजते. छप्पर पडलं की लाकडी मखराचं आयुष्य एका पावसाळ्याचं असतं. बाकी काम वाळवी करते. जी मखरं वाचली ती गावांनी दरवर्षी वापरली, झाडली, रंगवली म्हणून वाचली. कधी त्या रंगवण्यानेच जुना वर्ख तैलरंगाखाली गाडलाही.

विसाव्या शतकात या कहाणीला एक उलटं वळण मिळालं. 1902 मध्ये गोव्यात जन्मलेला आंजेलो द फोन्सेका मुंबईची जे. जे. कलाशाळा सोडून शांतिनिकेतनात गेला आणि अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला. गोव्यात परतून त्याने मरियेला साडी नेसवली, तिला इथल्या बाईचा वर्ण आणि चेहरा दिला. गोव्यातल्या प्रतिष्ठितांना ते रुचलं नाही. फोन्सेकाने पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घेतला आणि 1967 मध्ये मृत्यू येईपर्यंत तो रंगवत राहिला. 1567 मध्ये आक्षेप होता तो ख्रिस्ती प्रतिमा हिंदूने घडवण्याला. जवळजवळ चारशे वर्षांनी चित्रकार स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होता, तरीही आक्षेप उरलाच, कारण आता प्रतिमेचा चेहराच देशी होता.

ज्यांनी फोन्सेकाला नाकारलं ते दर रविवारी ज्या वेदीपुढे गुडघे टेकत, तिच्यावरची पानं, फुलं आणि देवदूतांचे गाल तीन शतकांपूर्वीच देशी झाले होते. फरक इतकाच, की फोन्सेकाने ते जाहीरपणे आणि स्वतःच्या नावाने केलं. आधीच्या चिताऱ्यांना नाव नव्हतं, म्हणून त्यांच्यावर खटला भरता आला नाही आणि त्यांचं कौतुकही झालं नाही. संग्रहालयातल्या चिठ्ठ्यांवर त्यांच्या कामापुढे आज शतक आणि प्रदेश एवढंच लिहिलेलं असतं. त्यांच्याबद्दल सर्वांत स्पष्ट बोलणारा कागद अजूनही तोच आहे, 1567 चा ठराव. ज्यांना या कामापासून दूर ठेवायचं होतं, त्यांचं काम किती लागत होतं याची कबुली परिषदेने स्वतःच्याच सहीशिक्क्याने देऊन ठेवली.